तीन नंबरच्या मशीनपुढची फरशी

९ फेब्रुवारी

अबोली,

काल फोनवर तू जे बोललीस त्यातलं मला निम्मंच कळलं. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊकच आहे, आणि डाव्या कानाला ते खरं वाटत नव्हतं. म्हणून लिहिते. तूही लिहून कळव. माझा धाकटा भाऊ कामावर पाय घसरून पडला आणि हॉस्पिटलात गेला, म्हणजे वारला, एवढंच मला समजलंय. बाकी सगळी खरखर.

मला यायला जमणार नाही. डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. रडायचंही नाही म्हणाले, डोळ्यावर ताण येतो. मी म्हटलं, डॉक्टर, भाऊ गेलाय माझा. ते म्हणाले, तरीपण जपा. तर मी इथे कोरडी बसून आहे. एका डोळ्याने लिहितेय, ओळी तिरप्या गेल्या असतील तर समजून घे.

पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहिलं गेलं. फाडून दुसरं घेतलं, तर त्यावरही तेच. तिसऱ्यावर नुसतं तुझं नाव टाकलंय.

मला एवढंच सांग, तो पडला कसा? लहानपणी पाण्याच्या टाकीच्या ओल्या कठड्यावरून हातात भरलेला तांब्या घेऊन चालायचा, आई खालून ओरडायची, आणि हा थेंब न सांडता पलीकडे. तो माणूस सपाट जमिनीवर पडतो कसा? सगळं लिही. अक्काला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

जेवतेस ना? जवळ कोणी आहे का?

तुझी
अक्का


१७ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र मिळालं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

ते काम करायचे त्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलांचे कपडे धुवायला येतात. चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे डगले. एका दाराने मळके कपडे आत येतात, दुसऱ्या दाराने घड्या घालून बाहेर जातात. मधे धुण्याची मशीन ओळीने उभी आहेत, माणसापेक्षा उंच. तीन नंबरचं मशीन त्यांच्याकडे होतं. धुतलेले जड कपडे ओढून काढायचे, ट्रॉलीत भरायचे आणि ट्रॉली ढकलत समोर वाळवायच्या मशीनकडे न्यायची.

त्या दिवशी सकाळी ट्रॉली भरताना पाय सरकला आणि ते मागे पडले. डोकं ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आपटलं. रक्त आलं नाही. उठले आणि पुढची ट्रॉली भरायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि उलटी झाली. मग बोलणं जड झालं. तिथून हॉस्पिटलात नेलं. आत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन केलं, पण शुद्ध आली नाही. मी जवळ होते. त्यांच्या अंगाखालच्या चादरीच्या कोपऱ्यावर त्यांच्याच लॉन्ड्रीचा शिक्का होता. मी त्या शिक्क्याकडे बघत बसायचे.

मॅनेजर घरी येऊन गेले. म्हणाले, घाई केली, बूटही घरचेच घातले होते, निष्काळजीपणा झाला. तसं त्यांनी अहवालात लिहिलंय. तरी आम्हीही माणसं आहोत म्हणाले, तुम्हाला घड्यांच्या विभागात काम देतो. मी हो म्हटलं. सोमवारपासून जाते.

जेवते. शेजारच्या काकू डबा ठेवून जातात. झोपही लागते.

तुमची
अबोली


२५ फेब्रुवारी

अबोली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची इच्छा झाली नाही. रेडिओवर हवामान सांगतात तसं लिहिलं आहेस. इथे रक्तस्राव, तिथे शिक्का, आणि झोपही लागते. मला झोप लागत नाही. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय. माझ्या भावासाठी त्या पत्रात एक अश्रू सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि निष्काळजीपणा? कोण निष्काळजी? घराला कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन परत येऊन कुलूप ओढून बघणारा माणूस? माझ्याकडे आला की शिलाई मशीनची वायर भिंतीला चिकटवून द्यायचा, का तर अक्का अडखळेल. आणि तू त्या मॅनेजरला हो म्हटलंस. जो माझ्या भावाला बेफिकीर म्हणतो त्याच्या हाताखाली चादरींच्या घड्या घालणार. मला वाटलं होतं तू अबोल आहेस. तू तर गप्पच आहेस. त्यात फरक असतो.

ती नोकरी सोड आणि इकडे ये. माझ्याकडे शिलाई मशीन दोन आहेत, शाळांच्या गणवेशांचं काम इतकं येतं की मला हातच पुरत नाहीत. तुला काज-बटण तरी येतं ना? नसेल तर शिकवीन. मी रागावून शिकवते, पण चांगलं शिकवते.

विचार कर, आणि मनापासून उत्तर दे.

अक्का


१० मार्च

वन्सं,

तुम्ही रागावलात ते बरोबर असेल. मला राग येत नाही, कशाचाच. रडूही येत नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. मी लपवत नाही काही. जे आहे तेच लिहिते.

नोकरी का धरली म्हणाल तर घरात दोघांचीच उठबस होती. आता सकाळी उठून काय करायचं ते कळत नव्हतं. आणि मला ती जागा बघायची होती.

पहिल्या दिवशी सगळे बाजूला झाले, मी काचेची असल्यासारखे. तिथे त्यांना सगळे ‘शीळ’ म्हणायचे. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून ते शीळ घालून लोकांना बोलवायचे, मग नावच पडलं. मला हे माहीत नव्हतं. घरी त्यांनी कधी शीळ घातली नाही.

जेवणाच्या सुट्टीत जागा बघून आले. तीन नंबरच्या मशीनच्या दाराचं रबर झिजलंय. प्रत्येक खेपेला खालून पाणी येतं. त्यात साबण असतो, आणि कपडे मऊ व्हायला घालतात ते दाट औषध. ते फरशीवर पसरलं की तेलासारखं होतं. फरशी जुनी, गुळगुळीत, आणि उतार गटाराकडे असायला हवा तो उलटा, चालायच्या वाटेकडे. लोक त्याला ‘ओढा’ म्हणतात. ओढा ओलांडायची प्रत्येकाची आपापली तऱ्हा आहे. कोणी मशीनचा दांडा धरतं, कोणी टाचेवर चालतं, इस्त्रीवाल्या बाई लांब ढांग टाकतात आणि वर हसतात. शेजारी फरशी ओली असल्याचा पिवळा बोर्ड आहे. तो तिथे कायमचाच आहे. लोक त्यावर एप्रन वाळत घालतात.

रबरी बूट आहेत कपाटात. दोनच मापांचे, लहान आणि फार मोठे. त्यांना एकही आला नसता.

परवा संध्याकाळी मुकादम घरी आले होते. मुकादम आणि ते एकाच वर्षी कामाला लागले होते. बराच वेळ बसले, काही बोलले. ते तुम्हाला नंतर लिहीन.

तुमचा डोळा कसा आहे?

अबोली


१८ मार्च

अबोली,

डोळ्याचं सोड. मला त्या एका डोळ्यानेही पुष्कळ दिसतं.

रबर झिजलंय, फरशी तेलकट, उतार उलटा, बूट मापाचे नाहीत. हे सगळं तू तुझ्या हाताने लिहिलंस, आणि तरी घड्या घालतेस? मी दोन पत्रं टाकली. एक त्या मॅनेजरला, त्यात मी जे लिहिलंय ते तुला सांगण्यासारखं नाही. दुसरं कारखाने तपासणारं सरकारी ऑफिस असतं तिथे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, नको वन्सं.

दुसरं म्हणजे, मुकादम संध्याकाळी तुझ्या घरी कशाला येतो? बराच वेळ बसला, काही बोलला, आणि ते तू नंतर लिहिणार. माझ्या भावाला जाऊन किती दिवस झालेत? तू एकटी राहतेस. लोकांना तोंडं असतात. मला काही म्हणायचं नाही, पण जे मनात आलं ते मी ठेवून घेत नाही.

अक्का


२० एप्रिल

अबोली,

महिना उलटून गेला, तुझं उत्तर नाही. फोन लावला तर कोणी उचलत नाही, आणि उचललास तरी मला काय ऐकू येणार म्हणा.

मागच्या पत्रातलं शेवटचं लिहायला नको होतं. पत्र पेटीत पडलं त्याच क्षणी कळलं, पण पेटीत हात घालून काढता येत नाही. हात जात नाही, मी घालून पाहिला. पोस्टमन बघत होता.

मला कोणाशी तरी भांडायचं होतं. तो मॅनेजर लांब, मशीन लांब, फरशी लांब. हाताशी तूच होतीस.

डोळ्याची पट्टी निघाली. आता रडलात तरी चालेल म्हणाले डॉक्टर. घरी आले, दार लावून खुर्चीत बसले, वाट बघितली. काही आलं नाही. मग गणवेशाच्या बाह्या कापल्या. तेव्हा मला तुझं ते दाताच्या डॉक्टरचं वाक्य आठवलं. ते पत्र काढून पुन्हा वाचलं. आधी मी ते नीट वाचलंच नव्हतं.

दोन ओळी तरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल. तुझ्या तोंडून कशा वाटतात ते बघायचंय.

अक्का


२ मे

वन्सं,

शिव्या मला येत नाहीत. तुमचं मुकादमांबद्दलचं वाचलं तेव्हा पत्र घडी करून ठेवलं आणि भांडी घासली. तेवढ्यात इथे बरंच घडलं. आता सगळं सांगते.

मुकादम त्या संध्याकाळी खुर्चीच्या कडेवर बसले होते, चहाला हात लावला नव्हता. म्हणाले, “वहिनी, तो पुठ्ठा मी टाकला होता.”

मी विचारलं, “कुठला पुठ्ठा?”

मग त्यांनी सांगितलं. रबर झिजल्याचं त्यांनी मॅनेजरना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. बघू, मागवतो, असं उत्तर यायचं. लोक घसरायला लागले म्हणून मुकादमांनी साबणाची खोकी फाडून पुठ्ठे अंथरले. कोरडा असतो तोवर पुठ्ठ्यावर पाय धरतो. भिजला की तोच पायाखालून सरकतो. “तो त्या पुठ्ठ्यावरून गेला,” म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत. उठला, मी विचारलं, लागलं का? त्याने नुसता हात हलवला. मी त्याला बसवायला पाहिजे होतं. पण मॅनेजर येताना दिसले आणि मी पुठ्ठा उचलून कचऱ्याच्या पिंपात कोंबला. का कोंबला ते मला अजून कळत नाही. आणि तो ट्रॉली भरायला लागला.”

वन्सं, मला वाटलं आता राग येईल. मी थांबून राहिले. आला नाही. मी म्हटलं, “चहा गार झाला, दुसरा करू का?” ते उठले आणि गेले. हे मी तुम्हाला तेव्हा लिहिलं नाही, कारण तुम्ही त्यांना सोडलं नसतंत. आणि त्यांचं काय करायचं ते माझं मला ठरलं नव्हतं.

नंतर तुमची पत्रं पोचली. मॅनेजरनी मला बोलावून घेतलं. तुमचं पत्र टेबलावर होतं, ते दोन बोटांनी धरून म्हणाले, “तुमच्या घरी असंच बोलतात का?” मी म्हटलं, “वन्सं बोलतात.” ते म्हणाले, आता सरकारी माणूस येणार, लॉन्ड्री बंद पडली तर इतक्या लोकांच्या पोटावर पाय येईल, त्याचं बघा. हे बाहेर सगळ्यांना कळलं. घड्यांच्या टेबलावर माझ्याशी कोणी बोलेना. चादरीची घडी दोघींनी घालायची असते. मी एकटीने घालायला शिकले. मधे हनुवटीने धरायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी मॅनेजरनी फरशी घासून घेतली. तपासणीस म्हणून एक बाई आल्या. वयस्कर, पायात साधे चपटे बूट. त्यांनी बाटलीतलं पाणी मशीनपुढे ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभ्या राहिल्या. पाणी वाटेवर आलं. मग बुटाचा तळवा फरशीवर पुढे-मागे घासून पाहिला. एकेकाला विचारलं, इथे कोणी पडतं का? सगळे म्हणाले, नाही. मॅनेजर शेजारीच होते.

मला विचारलं, “तुम्ही काय पाहिलंत?” मी म्हटलं, “ते पडले तेव्हा मी इथे नव्हते. आता रोज बघते ते सांगते.” आणि रबराचं, औषधाचं, बुटांच्या मापांचं, बोर्डावरच्या एप्रनचं सांगितलं. तुम्हाला लिहिलं होतं तसंच, एका सुरात. पुठ्ठ्याचं सांगितलं नाही. मुकादमांना मी आदल्या दिवशी जिन्यात गाठून म्हटलं होतं, “तुमचं मी सांगणार नाही. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही सांगा.”

ते कोपऱ्यात उभे होते. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, “बाई, इथे पुठ्ठा होता.” आणि मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, कचऱ्याच्या पिंपापर्यंत. मॅनेजर म्हणाले, “हे मला आज कळतंय.” मुकादम म्हणाले, “पुठ्ठ्याचं आज कळलं, साहेब. रबराचं तर मी तुमच्या टेबलासमोर उभं राहून मागत होतो.”

मग इस्त्रीवाल्या बाईंनी बाही वर केली. कोपरावर मोठा व्रण होता. “मी पण इथेच पडले होते,” म्हणाल्या, “घरी जिन्यात पडले असं सांगितलं सगळ्यांना.” मग वाळवण्याच्या मशीनवरचे म्हणाले, त्यांचं मनगट. मग अजून दोघं. इतके लोक तिथे पडले होते, वन्सं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच लक्ष नव्हतं.

तीन नंबरचं मशीन त्याच दिवशी बंद केलं. अहवाल नव्याने लिहायला लावला, निष्काळजीपणा हा शब्द काढला. मुकादमांना मुकादमकीवरून काढून साधे कामगार म्हणून वाळवण्यावर टाकलंय. मॅनेजर आहेत तिथेच आहेत.

तपासणीस बाई तुमच्या पत्रामुळे आल्या. त्याबद्दल तुमच्यावर रागवायचं की तुमचे आभार मानायचे ते मी ठरवलेलं नाही.

अबोली


११ मे

अबोली,

तुझं पत्र घेऊन मी पायरीवर बसले ती काळोख पडेपर्यंत उठले नाही. शेजारणीला वाटलं माझे गुडघे धरलेत.

मुकादमाचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बरं झालं काढला. मग वाटलं, एवढंच? मग पुढे वाचलं, त्याने सगळ्यांसमोर टोपी काढून सांगितलं. आता त्याच्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते मलाही कळत नाही. तू चहा दुसरा करू का विचारलंस. मी असते तर पहिलाच अंगावर ओतला असता. कदाचित बरं झालं की मी तिथे नव्हते.

तो शब्द अहवालातून निघाला. मी एकटीच घरात ते मोठ्याने वाचलं. भिंतीला ऐकवलं म्हण.

तू एकटीने चादरीची घडी घालतेस हे मला सगळ्यात जास्त लागलं. बाकी सगळं वाचता आलं, ते वाचवेना.

शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेश देऊन टाकायचेत, मग मी मोकळी. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. मी येते. तुला आवडेल का ते आधी विचारते आहे. बघ, शिकले मी.

अक्का


२२ जून

वन्सं,

या. मधल्या कार्डात पुढच्या शनिवारची गाडी म्हणालात, मी स्टेशनवर येईन. सामान फार आणू नका, जिना उंच आहे.

त्यात तुम्ही विचारलंत, इथे काय सुधारलं. मशीनचं रबर नवीन आलं. मशीनपुढची फरशी उखडून खरखरीत घातली, उतार गटाराकडे केला. तीन आठवडे सगळीकडे धूळ होती, चादरी परत धुवाव्या लागायच्या, लोक कुरकुरायचे. बूट सगळ्यांच्या मापाचे आले. माझे थोडे आवाज करतात. घड्यांच्या टेबलावर आता समोरचं टोक धरायला कोणीतरी येतं. बहुतेक वेळा इस्त्रीवाल्या बाई.

पण खरं सांगायचंय ते वेगळं. परवा घडलं.

आमच्या बाजूला फार उकडतं म्हणून मोठा पंखा आणून ठेवला. त्याची वायर वाटेवरून आडवी गेली होती, कोणीतरी त्यावर टॉवेल टाकला होता. एक नवी बाई लागली आहे, फार उंच, सगळे तिला ‘शिडी’ म्हणतात आणि तीही हसते. ती हनुवटीपर्यंत चादरींचा गठ्ठा घेऊन चालली होती. पायाखालचं तिला दिसत नव्हतं. वायरीत पाय अडकला आणि ती पुढे पडली, गुडघ्यांवर आणि हातांवर. चादरी सगळीकडे. ती लगेच उठून त्या गोळा करायला लागली, भराभर, कोणी बघायच्या आत. आणि बाकीचे बघूनही आपापल्या कामात होते. इस्त्रीचे रोलर फिरत होते.

खांबावर एक लाल बटण आहे. कोणाचा हात मशीनमध्ये गेला तर दाबायचं. मी चालत गेले आणि ते दाबलं.

सगळं थांबलं. रोलर, वाळवायची मशीन, सगळं. मी तिथे लागल्यापासून इतकी शांतता कधी झाली नव्हती. मी शिडीला म्हटलं, “उचलू नका. खाली बसा.” ती म्हणाली, “अहो, गुडघाच फक्त.” मी म्हटलं, “डोकं आपटलं का? माझ्याकडे बघा. डोकं आपटलं का?” ती नाही म्हणाली. मी परत विचारलं. परत विचारलं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिचे दोन्ही खांदे धरले होते. आणि मग मला रडू आलं, वन्सं. एकदम, पोटातून, आवाज करून. मशीन बंद होती म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं, पार मळक्या कपड्यांच्या दारापर्यंत. मला थांबवता येईना. मुकादमांनी, मी अजून मुकादमच म्हणते, कुठूनतरी खुर्ची आणली. मी बसले नाही. शिडीला बसवलं.

मॅनेजर वरून खाली आले. “कोणी बंद केलं?”

“मी.”

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं. “एका वायरीसाठी अख्खी लॉन्ड्री बंद?”

मी म्हटलं, “हो.” रडतच म्हटलं. पदराने नाक पुसलं.

माझ्या मागे सगळे काम सोडून येऊन उभे राहिले होते, ते मला नंतर कळलं. शेवटी त्यांनी इलेक्ट्रिशियनला हाक मारली. त्याने वायर काढली, भिंतीवरून वर नेली, खिळे मारले. शिडीच्या गुडघ्यावर इस्त्रीवाल्या बाईंनी ओलं फडकं धरलं होतं. चादरी आम्ही मळक्यात टाकल्या.

काम झालं तसे मुकादम चालू करायच्या खटक्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, करू चालू?”

मी पंख्यापासून निघाले आणि टेबलांच्या मधून, रोलरच्या बाजूने, दारापर्यंत चालत गेले, खाली बघत. एका ठिकाणी अभ्रा पडला होता तो उचलला. परत आले. सगळे थांबले होते.

मग मी हो म्हटलं, आणि त्यांनी मशीन चालू केली.

तुमची
अबोली